दवाखान्याचा खर्च लिहून ठेवा, नाती वाचतील

अब्बांच्या इंतकालला दीड महिना झाला होता. अम्मी आधीच गेल्या होत्या. अब्बांच्या नावावरची थोडी रक्कम आणि घरामागची जागा यांची शरीयतप्रमाणे वाटणी करायची म्हणून भाईजान, आपा, चाचा आणि आम्ही एकत्र बसलो. बोलता बोलता भाईजान म्हणाले, "अब्बांच्या दवाखान्याला पावणेदोन लाख गेले. त्यातले बरेचसे माझेच होते." आम्हाला वाटत होतं की निम्मा खर्च तर आम्हीच केला. चाचा काही बोलले नाहीत. आपा उठून चहा ठेवायला गेल्या.

त्या चहा ठेवायला का गेल्या, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. अब्बा दाखल असताना पाचव्या दिवशी दवाखान्याने आणखी पैसे भरायला सांगितले, तेव्हा आपांनी आपले झुमके मोडून २५,००० रुपये आणून दिले होते. "अब्बा बरे झाले की देतील," असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. अब्बा बरे झाले नाहीत. त्या पैशाची नोंद कुठेच नव्हती आणि स्वतःच्या तोंडाने मागणं त्यांना जड जात होतं.

आमच्या घरात कोणी खोटं बोलत नव्हतं. कोणी लबाडही नव्हतं. फक्त कोणी लिहिलं नव्हतं.

अशी घरं आपल्या आजूबाजूला पुष्कळ आहेत. कोणी आजारी पडलं की आपली माणसं धावून येतात, खिशात असेल ते देतात. ही आपल्या समाजातली मोठी चांगली गोष्ट आहे. पण हिशेबाचा विषय निघाला की लगेच ऐकू येतं, "अपनों में हिसाब कैसा?" आणि पुढे अनेक वर्षं मनात धुसफूस राहते. म्हणून हा लेख.

लिहिणे म्हणजे अविश्वास नाही

कुरआनमधील सर्वांत लांब आयत कोणत्या विषयावर आहे, हे आपल्यातील अनेकांना माहीत असते. सूरह अल-बकरहची ती २८२वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसह लिहावी, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, अशी सविस्तर शिकवण तिच्यात आहे. ज्या दीनने उधारीच्या लिखापढीला एवढे महत्त्व दिले, त्या दीनला मानणाऱ्यांनी हिशेबाला कंजूषपणा समजणे योग्य नाही.

आजारपणात तर याची गरज जास्त असते. घाई असते, रात्रीचे जागरण असते, पैसे पाच जणांच्या हातांतून जातात. अशा वेळी स्मरणशक्तीवर विसंबणे म्हणजे स्वतःवर आणि नातेवाइकांवर अन्याय करणे आहे.

डिपॉझिटचा घोळ : आमच्याच घरचे उदाहरण

त्या बैठकीनंतर आम्ही कपाटावरची कॅरीबॅग काढली. अब्बांचे सगळे कागद तिच्यात कोंबलेले होते. दोन रविवार बसून ते तारखेप्रमाणे लावले. काही पावत्यांवरची शाई पूर्ण उडाली होती, तेव्हा मेडिकलवाल्याकडे जाऊन बिलांच्या प्रती काढून आणल्या. मग जो हिशेब निघाला तो असा :

दाखल करताना भाईजाननी २०,००० रुपये डिपॉझिट भरले. तिसऱ्या दिवशी आम्ही १५,००० भरले. पाचव्या दिवशी आपांचे २५,००० गेले. असे ६०,००० रुपये आधीच जमा होते. दवाखान्याचे अंतिम बिल ८३,४०० रुपयांचे झाले. त्यातून ६०,००० वजा होऊन राहिलेले २३,४०० चाचांनी भरले. मेडिकलची बिले वेगळी, एकूण ३१,७५० रुपयांची. न वापरलेली औषधे परत केली, त्याचे २,३५० रुपये मिळाले. म्हणजे औषधांचा खरा खर्च २९,४०० रुपये. त्यात भाईजानचे १७,४०० आणि आमचे १२,००० होते.

आता बेरीज करू. दवाखाना ८३,४०० अधिक औषधे २९,४०० म्हणजे १,१२,८०० रुपये. मग भाईजानचा पावणेदोन लाखांचा आकडा कुठून आला? त्यांनी डिपॉझिटच्या तिन्ही पावत्या, अंतिम बिल आणि मेडिकलची बिले अशी सगळी बेरीज केली होती : ६०,००० अधिक ८३,४०० अधिक ३१,७५० म्हणजे १,७५,१५०. डिपॉझिट दोनदा मोजले गेले आणि परत केलेली औषधे वजा करायची राहिली. फरक ६२,३५० रुपयांचा.

ही चूक शिकलेली माणसेही करतात. कारण डिपॉझिटची पावती आणि अंतिम बिल हे दोन्ही कागद एकसारखेच दिसतात. लक्षात ठेवायचे ते एवढेच : डिपॉझिटची पावती म्हणजे आपण पैसे दिल्याचा पुरावा, आणि अंतिम बिल म्हणजे खर्च किती झाला ते. दोन्हींची बेरीज करायची नसते, एकातून दुसरे वजा करायचे असते.

आणि कोणी किती दिले? भाईजान ३७,४००, आम्ही २७,०००, आपा २५,०००, चाचा २३,४००. बरोबर १,१२,८००. हा कागद समोर ठेवल्यावर भाईजान बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आपाचे मला आठवलेच नाहीत."

वही कशी ठेवावी

यासाठी कॉम्प्युटर लागत नाही. वीस-तीस रुपयांची शाळेची वही पुरते. रुग्ण दाखल झाला त्याच दिवशी ती सुरू करावी आणि घरातील एकाच व्यक्तीकडे द्यावी. आठवी-नववीतली मुलगी किंवा मुलगासुद्धा हे काम उत्तम करतो. मोठ्यांपेक्षा नीट करतो, हा आमचा शिक्षक म्हणून अनुभव आहे.

प्रत्येक पानावर पाच रकाने आखा : तारीख, कशासाठी, रक्कम, कोणी दिली, पावती क्रमांक. रोख दिले की मोबाइलवरून, हे रकमेशेजारी लिहा. पावती मिळाली नसेल तर "पावती नाही" असे स्पष्ट लिहा. रिक्षा, डबा, चहा, सोबत राहणाऱ्याचे येणे-जाणे हे खर्चही त्यात येऊ द्या. ते किरकोळ वाटतात, पण आठ-दहा दिवसांत हजारांत जातात.

वहीच्या मागच्या बाजूला दुसरे खाते ठेवा : पैसे आले कुठून. कोणी दिले, किती दिले आणि कशा स्वरूपात दिले. तोहफा, सदका, जकात की कर्ज? हे देतानाच विचारून लिहा. विचारायला संकोच वाटतो, पण त्या एका मिनिटाचा संकोच पुढची दहा वर्षांची कटुता वाचवतो.

रोज रात्री पाच मिनिटे काढून दिवसाची बेरीज करा. दुसऱ्या दिवशी आठवून लिहू म्हटले की राहिलेच.

दाखल करतानाच विचारायच्या गोष्टी

खर्चाची नोंद ठेवण्याइतकेच, टाळता येणारा खर्च टाळणे महत्त्वाचे. त्यासाठीचे प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावे लागतात, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे.

पहिला प्रश्न : हा दवाखाना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का? ही योजना आता आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली आहे आणि तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. योजनेतील दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांच्याकडे जा. आपला आजार योजनेच्या यादीत बसतो का, हे तेच सांगतील. मंजुरी मिळाली की ठरलेल्या उपचारांसाठी रुग्णाने पैसे द्यायचे नसतात. तरीही कोणी पैसे मागितले, तर पावती मागा, वहीत नोंद करा आणि १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करा. आयुष्मान भारतची हेल्पलाइन १४५५५ आहे. घरात ७० वर्षांवरील कोणी असेल तर उत्पन्न कितीही असो, त्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड निघू शकते. ते आजारी पडण्याआधीच काढून ठेवा.

दुसरा प्रश्न : हा दवाखाना धर्मादाय आहे का? मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६च्या निर्णयानुसार राज्यातील मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. रेशन कार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तेथील समाजसेवा विभागात अर्ज करावा लागतो. आपल्या भागातले अनेक लोक पूर्ण बिल भरून घरी येतात आणि मग त्यांना हे कळते.

तिसरा प्रश्न : अंदाजे खर्च किती? तो लेखी घ्या. या अंदाजपत्रकाशिवाय मुख्यमंत्री सहायता निधी, जमातीचे बैतुलमाल किंवा एखादा ट्रस्ट, कोणीच पुढे सरकत नाही.

आणखी एक गोष्ट. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण रुग्णालये, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालये येथे तपासणी व उपचार मोफत झाले आहेत. साध्या ताप-खोकल्याला आणि नेहमीच्या रक्त तपासणीला तिथे जाण्यात काहीच कमीपणा नाही.

बिल हातात आल्यावर

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना घरी जायची घाई असते. नेमक्या त्याच वेळी अर्धा तास शांत बसायचे असते. एका ओळीत "एकूण" लिहिलेले बिल घेऊ नका, तपशीलवार पक्के बिल मागा. तो रुग्णाचा हक्क आहे. जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार खासगी दवाखान्यांनी रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचे असते. ते वाचा.

मग आपली वही उघडून एकेक ओळ ताडून पाहा :

– खोलीचे दिवस बरोबर आहेत का? आयसीयूतून वॉर्डात आणले त्या दिवसाचे दोन्हीकडचे भाडे तर लागले नाही ना?

– जेवढ्या तपासण्या बिलात आहेत, तेवढे रिपोर्ट फाइलमध्ये आहेत का?

– डॉक्टरांच्या भेटींची संख्या वहीशी जुळते का?

– परत केलेली औषधे वजा झाली का?

– डिपॉझिटच्या सगळ्या पावत्या जमेत धरल्या का?

– औषधाची किंमत छापील किमतीपेक्षा जास्त तर लावली नाही ना? छापील किमतीत सर्व कर आधीच धरलेले असतात.

– हृदयाला स्टेंट बसवला असेल तर त्याच्या पाकिटावरचे स्टिकर फाइलमध्ये आहे का? स्टेंटच्या किमतीवर केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ पासून कमाल मर्यादा घातलेली आहे.

– वॉर्डातील खोलीचे भाडे दिवसाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तरच त्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. आयसीयूच्या भाड्यावर तो लागत नाही.

चूक दिसली तर भांडू नका. वही दाखवून शांतपणे विचारा. अब्बांच्या नंतर आमच्याच घरातील एका बाळंतपणाच्या वेळी, एका दवाखान्याच्या बिलात परत केलेल्या सलाइन आणि इंजेक्शनचे पैसे वजा झालेले नव्हते. वहीतली तारीख आणि परतीची पावती दाखवली. काउंटरवरच्या मुलाने तपासले आणि दहा मिनिटांत बिल दुरुस्त करून दिले. वही नसती तर आम्हाला ते कळलेही नसते.

दवाखाना सोडण्याआधी डिस्चार्ज कार्ड, सगळे रिपोर्ट आणि पक्के बिल ताब्यात घ्या. काही राहिलेच तर लेखी अर्ज करा. डॉक्टरांसाठीच्या २००२च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला त्याची कागदपत्रे द्यावी लागतात आणि दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात.

कागद कसे जपावेत

मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्यांची शाई काही महिन्यांत उडते. त्यांची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढा. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो घ्या आणि तो घरातील आणखी एका व्यक्तीला पाठवून ठेवा. मूळ कागद कुठेही द्यायचे असतील तर आधी प्रत ठेवा आणि कोणाला, कधी दिले ते लिहा. मदतीच्या अर्जाला, विम्याच्या दाव्याला किंवा सरकारी नोकराच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीला मूळ बिलेच लागतात. एक कागद कमी पडला तर फाइल परत येते.

आयकर भरणाऱ्यांसाठी एक सूचना. आई-वडील ६० वर्षांवरील असतील आणि त्यांचा आरोग्य विमा नसेल, तर त्यांच्या औषधोपचारावर केलेल्या खर्चाची वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट जुन्या कर पद्धतीत मिळते. मात्र तो खर्च रोखीने केलेला नसावा. बिले आणि बँकेची नोंद दोन्ही सांभाळा.

दर महिन्याचा छुपा खर्च

दवाखान्यात दाखल होण्याचा खर्च डोळ्यांत भरतो. शुगर, बीपी, थायरॉइड, दमा यांच्या गोळ्यांचा खर्च मात्र घरखर्चात विरघळून जातो. समजा, अम्मी-अब्बांच्या गोळ्यांना महिन्याला १,८०० रुपये लागतात. वर्षाचे २१,६०० झाले. किती घरांत हा आकडा माहीत आहे? वहीत एक पान या खर्चासाठी ठेवा. आकडा समोर आला की मग डॉक्टरांना विचारता येते, "हेच औषध जनऔषधी केंद्रातले चालेल का?" तिथली जेनेरिक औषधे बरीच स्वस्त असतात. पण औषध मनाने बदलू नका, बंद तर अजिबात करू नका. पैसे वाचवायला गोळी सोडली आणि पुढे लाखाचे बिल आले, असे व्हायला नको.

चंदा, जकात आणि कर्ज

आजकाल रुग्णाचा फोटो आणि खाते क्रमांक मोबाइलवर फिरतो आणि एका रात्रीत लाखभर रुपये जमतात. देणाऱ्याने अल्लाहसाठी दिले, पण घेणाऱ्याकडे ती अमानत आहे. किती जमले, किती खर्च झाले, किती उरले, हे मशिदीच्या जमातीतील दोन जबाबदार माणसांना वहीसकट दाखवा. उरलेल्या पैशाचे काय करायचे ते देणाऱ्यांना किंवा उलमांना विचारून ठरवा. एकाने हिशेब दिला नाही की पुढच्या दहा गरजूंवरचा विश्वास उडतो.

जकातीचे पैसे वेगळे लिहा, कारण ते कोणाला चालतात याचे नियम आहेत. मुलगा आपल्या जकातीतून आई-वडिलांचे बिल भरू शकत नाही, त्यांचा खर्च ही त्याची जबाबदारी आहे. गरजू भावाला किंवा बहिणीला मात्र तो जकात देऊ शकतो.

आणि कर्ज. मय्यतच्या मालातून आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशपर्यंतची वसीयत आणि त्यानंतर वारसांचे हिस्से, हा क्रम आहे. म्हणजे आजारपणात घेतलेले कर्ज फेडल्याशिवाय वाटणीच होत नाही. पण कर्ज कोणते आणि मुलांनी खिदमत म्हणून केलेला खर्च कोणता, हे लिहिलेच नसेल तर ठरवणार कसे?

आम्ही तो कागद घेऊन मौलाना साहेबांकडे गेलो. भाईजानचे ३७,४०० आणि आमचे २७,००० आम्ही दोघांनी वडिलांची खिदमत समजून सोडले. चाचांचे २३,४०० आणि आपांचे २५,००० हे कर्ज म्हणून दिलेले होते. ते आधी फेडले आणि उरलेल्याची वाटणी केली. आपांच्या हातात पाकीट दिले तेव्हा त्या म्हणाल्या, "मी मागितले नव्हते रे." भाईजान म्हणाले, "म्हणूनच आम्ही लिहायला हवे होते."

आता आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराजवळ खिळ्याला एक वही टांगलेली असते. पहिल्या पानावर घरातल्या सगळ्यांचे रक्तगट, चालू औषधे आणि योजनेच्या कार्डांचे क्रमांक आहेत. मागच्या बाजूला देणे-घेणे. तुम्हीही आजच एक वही घ्या, घरात सगळे बरे असतानाच. अल्लाह सर्वांना तंदुरुस्त ठेवो, आणि वेळ आलीच तर एकमेकांचा हक्क ओळखण्याची तौफीक देवो. आमीन.